फऱ्याची लस

फरा हा शब्द मी पहिल्यांदा फोनवर ऐकला. "मॅडम, खोंडानं फरा धरलाय, लवकर या," एवढं बोलून पलीकडच्या माणसानं फोन ठेवून दिला. मी मूळची चिपळूणची. पशुवैद्यकाची पदवी घेतलेली, जनावराच्या अंगातल्या प्रत्येक हाडाचं इंग्रजी नाव तोंडपाठ. पण नेमणूक झाली ती शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याच्या बाजूला भीमेच्या काठी असलेल्या एका गावच्या दवाखान्यात, आणि तिथं पहिल्याच आठवड्यात माझी पदवी या दोन अक्षरांपुढं गप्प बसली.

"आप्पा, फरा म्हणजे काय हो?" मी विचारलं.

म्हाळूआप्पा हे आमच्या दवाखान्याचे परिचर. कागदावर परिचर, प्रत्यक्षात दवाखाना तेच. माझ्या आधी पाच डॉक्टर आले आणि बदलून गेले, आप्पा तीस-एक वर्षं तिथंच होते.  त्यांनी आइसबॉक्स गाडीला बांधला, पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाले, "चला, दावतो."

फऱ्या नावाचा रोग मला माहीत होता. चांगलं धष्टपुष्ट तरणं जनावर सकाळी लंगडतं, अंगावर सूज चढते आणि दुसऱ्या दिवशी ते दावणीला नसतं. आमच्या माहितीपत्रकावर जे चित्र होतं त्यात सूज पुढच्या पायावर दाखवलेली. तेव्हा फरा म्हणजे खांदा, असा हिशेब मी वाटेतच करून टाकला आणि गेल्या गेल्या त्या खोंडाचा खांदा दाबायला लागले. खोंड माझ्याकडं अगदी शहाण्या नजरेनं बघत होतं. आप्पा मागं उभे होते.

"मॅडम, म्होरं काय बघताय? फरा मागं असतो."

त्यांनी माझा हात धरून खोंडाच्या मागच्या पुठ्ठ्यावर ठेवला. कातडीखाली वाळल्या पाल्यावर हात दाबावा तशी चरचर लागली. ती चरचर पुस्तकात वाचली होती, हाताला पहिल्यांदाच कळत होती. वेळेत पोचलो होतो म्हणून ते खोंड वाचलं. परत येताना आप्पा एवढंच म्हणाले, "आता इसरायच्या न्हाईत तुमी." आणि खरंच विसरले नाही.

आप्पा उंच, काटकुळे, किंचित पुढं वाकलेले. डोक्याला पांढरी टोपी आणि अंगात पुतण्याच्या कंपनीचा टी-शर्ट. पुतण्या रांजणगावला कारखान्यात कामाला, त्याला दरसाल नवा टी-शर्ट मिळे आणि जुना आप्पांकडं येई. त्यामुळं आमचे परिचर पाठीवर इंग्रजीत 'सेफ्टी फर्स्ट' असं लिहून गावभर फिरत. त्याचा अर्थ मी सांगितला तेव्हा म्हणाले, "मग बराबर हाय की. आपलं कामच त्ये."

त्यांचं घराणं मेंढपाळांचं. वडिलांच्या काळापर्यंत मेंढरांचं खांड घेऊन फिरणं होतं, मग वडिलांनी दोन एकर घेतले आणि मेंढरं मोडली. पण आप्पांची चाल मेंढक्याचीच राहिली. ते कधी कुणाच्या पुढं चालले नाहीत. रस्त्यानं आम्ही दोघं जात असलो की मी बोलत राही आणि काही वेळानं लक्षात येई की आपण एकट्याच बडबडतोय. आप्पा दहा पावलं मागं. सुरुवातीला मला वाटलं, मॅडम म्हणून मान देतात. मग एकदा विचारलं, तर म्हणाले, "म्होरं चाललं की कळप दिसत न्हाई."

मागून बघायची ही सवय त्यांच्या हाडात होती. गावातला कुणीही माणूस ते पाठमोरा ओळखत. बाजाराच्या दिवशी लांबवर कुणी चाललेलं दिसलं की सांगत, त्यो निमोण्याचा, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यालं. जनावर बघायला सांगितलं की तोंडाकडं शेवटी बघत. आधी खाकरत, कारण जनावराच्या मागं न सांगता उभं राहायचं नाही. मग फऱ्यावर तळहात टेकवत आणि गप्प राहत. माझ्या अॅक्टिव्हावर बसण्याआधीसुद्धा ते मागच्या सीटवर तसाच तळहात ठेवत. आधी मला हसू यायचं. पुढं पुढं त्यांनी हात ठेवल्याशिवाय मीच गाडी सुरू करेनाशी झाले.

सगळी नोंद मोबाइलवर करायची असं वरून आलं आणि आमची रोज थोडी थोडी भांडणं सुरू झाली. मोबाइलवर अवयवांची यादी होती, तीतलं एक निवडायचं. आप्पा शेजारी बसून कागदावरच्या नोंदी वाचून दाखवत.

"उजवा फरा."

मी यादीतून निवडत असे.

"काय टाकलं?"

"हिप."

"हिप म्हंजी?"

"फरा."

"मग फरा टाका की."

"यादीत नाहीये आप्पा."

"मग यादीत घालाया सांगा. खोंड आपल्यातलं हाय, त्याला हिप कुठला?" असं म्हणून ते जुन्या वहीत आपल्या वळणदार अक्षरात 'उजवा फरा' असं लिहून ठेवत आणि खाली रेघ मारत. मोबाइलवर सरकारचा विश्वास, वहीवर आप्पांचा. मी दोन्ही सांभाळत होते.

नवरा रेल्वेत, म्हणून आमचं बिऱ्हाड दौंडला होतं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई कॉलेजात मराठी शिकवत. एका रविवारी त्यांच्याकडं हा फरा काढला. बाईंना असला विषय मिळाला की त्या चहा गार करतात. त्या म्हणाल्या, हा बहुधा संस्कृतातल्या फलकाचा वंश. फलक म्हणजे पाट, सपाट रुंद तुकडा. त्याचीच फळी झाली, ढालीला फरी म्हणतात ती झाली, आणि जनावराच्या अंगावरचा रुंद सपाट भाग तो फरा. "पण मूळ अर्थ पुढचा असणार बरं का," त्या म्हणाल्या, "खांद्याचं हाड. तेच खरं फळीसारखं असतं. मागचा अर्थ नंतर चिकटला असेल."

मला आनंद झाला. म्हणजे पहिल्या दिवशी मी अगदीच चूक नव्हते. सोमवारी दवाखान्यात पोचल्या पोचल्या मी ही बातमी आप्पांच्या अंगावर टाकली. आणि लगे हात विचारलं, की फराट्याचा आणि फऱ्याचा काही संबंध आहे का.

"त्ये आडनाव हाय," आप्पा घाईनं म्हणाले. "उगं भांडान लावू नका." मग थोडा वेळ विचार करून म्हणाले, "फळी म्हनली का बाई? शानी हाय मग. पर म्होरं न्हाई."

"अहो, आपला मटणवालासुद्धा पुढच्यालाच फरा म्हणतो. मी विचारलंय."

"म्हननारच. त्यो सुरी घिऊन म्होरनं येतो. आपुन मागनं हाकतो. ज्याला जिथनं जनावर दिसतं, तिथं त्याचा फरा." मग हसले. "माझं निम्मं ल्हानपन मेंढरांचं फरं बघण्यात गेलं, मॅडम. त्या बाईंचं बुकं बघण्यात गेलं असंल."

या वाक्यावर मी हरले हे मला मान्य आहे. पण माझा स्वभाव असा की हरल्यावर गप्प बसवत नाही. मी म्हणाले, "तरीपण शब्द घोटाळ्याचाच आहे. आता 'फऱ्याची लस' म्हटलं, तर फऱ्या रोगाची लस, की फऱ्यावर द्यायची लस? नवख्या माणसानं काय समजायचं? ती तर मानेला देतात."

आप्पांच्या हातात सिरिंजांचं खोकं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन हौदापाशी उभे राहिले. त्या दिवशी दुपारपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, बाईंचं कौतुक जास्त झालं.

आता दगडूआबांच्या वस्तीविषयी सांगायला हवं. गावापासून पाऊण तासावर माळाला लागून ही वस्ती. चाळीसच्या वर जनावरं, त्यात दोन-तीन शर्यतीचे बैल. बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीला तिकडं घाट म्हणतात, त्या घाटाचा आबांना जुना नाद. पाऊस लागायच्या आत सगळ्या गावांत फऱ्याची लस टोचून व्हायची. एवढी एक वस्ती राहायची. आबा दरवर्षी हात जोडत, चहा पाजत आणि नाही म्हणत. "तुमच्या लशीनं बैल लंगडतो," एवढंच कारण. त्यांचा हरण्या नावाचा बैल ऐन भरात असताना लस टोचल्यावर लंगडला होता आणि पुन्हा घाटात उतरला नाही. ही गोष्ट त्यांच्याबरोबर आसपासच्या वस्त्यांनाही पाठ होती. त्या वस्त्या कशाबशा तयार झाल्या, आबा नाहीत.

त्या वस्तीवर गेलो की आप्पा आत येत नसत. बांधावर बसत. आबा लांबून हाक मारत, "म्हाळू, ये की चा प्यायला." दोघं लहानपणचे मित्र. आप्पांच्या वडिलांची मेंढरं आबांच्या वडिलांच्या रानात खतासाठी बसत, तेव्हापासूनचे. पण आप्पा म्हणत, पायाला चिखल हाय. उन्हाळ्यात कसला चिखल? मला वाटे, आबांच्या कुत्र्याला भितात.

माझ्या दुसऱ्या पावसाळ्यात त्या वस्तीवर एक खोंड फऱ्यानं गेलं. आम्ही पोचलो तेव्हा सगळं संपत आलं होतं. आबा त्याच्या तोंडाशी बसले होते, सून पदरानं माशा हाकत होती. मी जे करायचं ते केलं आणि उठले. आप्पा बांधावर बसून होते, या वेळी उन्हात, टोपी हातात घेऊन. मी तिथं जाऊन जरा तोडूनच बोलले. "आप्पा, तुमचे मित्र आहेत ना? तुम्ही एकदा समजावलं तर ऐकतील. पुढच्या वर्षी परत हेच बघायचं का?"

"फुडच्या वर्सी म्या रिटायर," आप्पा म्हणाले. "त्याच्या आदी करतो."

काय करणार ते त्यांनी सांगितलं नाही, पण तेव्हापासून दर महिन्याला एकदा तरी विचारत, "लसीकरन जूनच्या आतच हाय न्हवं?" जूनअखेर त्यांची नोकरी संपत होती. वाढीव मुदत, निरोप समारंभ, पेन्शनचे कागद, कशाचीच त्यांना काळजी नव्हती. त्या एका वस्तीची होती, एवढं मला दिसत होतं.

तो दिवस आला. सकाळी साडेसातला आम्ही वस्तीवर पोचलो. आबांनी नेहमीप्रमाणं बाज टाकली. "या मॅडम. चा घ्या आन् जावा. तुमचा वेळ नगं मोडाया."

आणि आप्पा बांधावरून आत आले. चपला अंगणाबाहेर काढल्या. आबांच्या समोर जमिनीवर बसले, बाजेवर नाही.

"आबा, हरण्याचं सांगायचंय."

"काय त्याचं? औषध खराब आलं व्हतं. तूच सांगितलं की तवा."

"औषध चांगलं व्हतं. म्या खोटं बोललो."

आबांची सून चहाचे कप घेऊन दारातच थांबली.

आप्पा जमिनीकडं बघत बोलत होते, पण आवाज स्पष्ट होता. "म्या नवा व्हतो. रोजंदारीवर. तवाचं डॉक्टर म्हनलं, म्हाळू, तू म्होरं हो, दगडूच्या वस्तीवर फऱ्याची लस दिऊन ठिव, म्या मागनं आलोच. फऱ्या नावाचा रोग असतो ह्ये मला ठावं न्हवतं. आपल्यात त्याला एकटांग्या म्हनायचं तवा. मला फरा ठावं. मला वाटलं, फऱ्याची म्हंजी फऱ्यावर मारायची. तुझा हरण्या म्होरंच बांधला व्हता. म्या उजव्या फऱ्यात सुई घातली, खोल. डॉक्टर आलं, त्येंनी दुसऱ्या बैलाची मान धरली, तवा मला कळलं. फुडं गाठ झाली, पू झाला, शीर आखडली. औषधानं न्हाई लंगडला. मला शब्द कळला न्हाई म्हणून लंगडला."

मी दोन वर्षं या माणसाच्या शेजारी बसून शब्दावरून थट्टा करत होते. हौदापाशी उभे राहिलेले आप्पा मला त्या क्षणी आठवले आणि माझी मलाच लाज वाटली.

"तवा का न्हाई बोलला?" आबांनी विचारलं.

"काढून टाकलं असतं. मागनं परमनंट झालो, तवा सांगनार व्हतो. मग लाज वाटली. एक वरीस गेलं, दोन गेली. मग कुठनं सुरवात करायची त्येच कळंना."

 आबा अगदी शांतपणे म्हणाले, "बैलाचं जाऊ दे म्हाळू. बैल चुकून लंगडला, म्या त्याचं कवाच सोडलं असतं. पर त्याच्यानंतर सात खोंडं पुरली म्या. सात. लशीला भिऊन. आन् तू दर बारीला बांधावर बसून बघत व्हतास."

 

आबा उठले आणि माझ्याकडं वळले. "मॅडम, मानंला देत्यात म्हनता. मानंवर जू येतं बैलाच्या."

"जू वर असतं आबा. आपण बाजूला द्यायची, कातडी उचलून, वरच्यावर. मांसात जातच नाही."

"मग टोचा. समद्यांना टोचा." आणि आप्पांकडं न बघता म्हणाले, "ह्यानं हात लावायचा न्हाई."

आप्पा उठले, चपला घातल्या आणि बांधावर जाऊन बसले. मी एकटीनं सगळी जनावरं टोचली. आबांच्या मुलानं धरायला मदत केली. दुपारचे बारा वाजले. परतीच्या वाटेवर आप्पा मागं बसले होते. मी म्हणाले, "झाली आप्पा वस्ती." ते म्हणाले, "व्हय. झाली." 

जूनअखेर निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, फोटो. आसपासच्या पाच गावांतली माणसं आली. कुणी आत आलं की आप्पा प्रत्येक वेळी दाराकडं बघत होते. दगडूआबा आले नाहीत.

त्या वर्षी वस्तीवर एकही खोंड गेलं नाही. हे मी आप्पांना फोन करून कळवलं. "बरं झालं," म्हणाले, आणि आबांची तब्येत कशी आहे ते विचारलं.

मी आप्पांना शेवटचं पाहिलं ते पुढच्या उन्हाळ्यात, माझी बदली व्हायच्या महिनाभर आधी. नवीन परिचर अजून मिळाला नव्हता, म्हणून मी एकटीच लस घेऊन फिरत होते. आबांच्या वस्तीवर पोचले तर बांधावर आप्पा. पुतण्याच्या मोटरसायकलवरून आले होते. कुणी बोलावलं नव्हतं.

"आत चला की," मी म्हणाले.

"न्हाई. हितं बरं हाय. तुमी करा."

काम सुरू झालं. पंधरा-वीस जनावरं सरळ झाली. मग शर्यतीचा एक तरणा बैल पुढं आला आणि तो काही मला जवळ येऊ देईना. आबांच्या मुलाला त्यानं दोनदा फेकलं. तिसऱ्यांदा माझी सुई वाकली. आबा बाजेवर बसून हे बघत होते. त्यांनी एकदा बैलाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"त्याला बोलवा," ते म्हणाले.

"कुणाला?"

"बांधावर बसलाय त्याला."

नियमात बसत नव्हतं. निवृत्त माणसाच्या हाती सुई द्यायची नसते. पण माझा प्रश्न वेगळाच होता आणि तो मी विचारून टाकला. "माफ केलंत का आबा?"

"न्हाई," आबा म्हणाले. "ती सात खोंडं माझ्या डोळ्याम्होरनं हलत न्हाईत. पर मॅडम, तुमी उद्या जाल, दुसरं कोन येईल, त्याला काय सांगावं, काय कळावं. समद्या तालुक्यात ह्यो एकटाच गडी असा हाय, की लस कुठं द्यायची ते त्याला मरूस्तवर इसरता यायचं न्हाई."

मी बांधाकडं वळून हात केला. आप्पा लगेच उठले नाहीत. मी पुन्हा हात केला, आणि आबांनीही केला. मग ते आले. आबांनी स्वतः उठून बैलाची वेसण धरली. आप्पांनी मानेची कातडी दोन बोटांत उचलली, सुई वरच्यावर घातली आणि काढली. बैलाला कळलंसुद्धा नाही.  आबांनी पुढचं जनावर आणलं, आप्पांनी माझ्याकडं सिरिंजसाठी हात पुढं केला, आणि मला रडू येत होतं म्हणून मी आइसबॉक्समध्ये डोकं घालून सिरिंज भरत राहिले.